वकिलाच्या हातात शिट्टी

माझ्या दादाला मैदानावर सगळे वकील म्हणायचे. कायद्याचं पुस्तक त्यानं जन्मात उघडलं नव्हतं, पण रेफरीची शिट्टी वाजली रे वाजली की सगळ्यात आधी याचं तोंड उघडायचं. दोन्ही हात पसरून, चेहरा गरीब गाईसारखा करून तो "सर, पण..." म्हणून सुरू करायचा. संघातले म्हणायचे, "चला, वकिलाची तारीख लागली."

तो पगारी रग्बीपटू होता, आणि जागा प्रॉपची. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. खेळ थांबला की कधी कधी दोन्ही संघांचे आठ-आठ गडी वाकून, एकमेकांत डोकी अडकवून, रेड्यांच्या टकरीसारखे समोरासमोर ढकलत राहतात. त्याला स्क्रम म्हणतात. पुढच्या रांगेत तिघं असतात, त्यातल्या कडेच्या दोघांना प्रॉप म्हणायचं. मागून आपल्या माणसांचा रेटा, पुढून दुसऱ्यांचा, आणि दोन्ही यांच्या मानेतून जाणार. दादाची मान त्याच्या डोक्यापेक्षा रुंद होती. शर्ट विकत घेताना गळ्याच्या मापानं घ्यावा लागे आणि मग बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबायच्या.

चलाखही होता. समोरच्याचा शर्ट अशा बेतानं खाली ओढायचा की पडायचा दुसराच आणि दंडही त्यालाच व्हायचा. पकडला गेला की वकिली चालूच.

माझं चष्म्यांचं दुकान आहे. डोळे तपासते, काचा बसवून देते. सामना पाहायला गेलो की लोक रेफरीला "अरे, चष्मा घे" म्हणून ओरडायचे आणि वहिनी मला कोपरानं ढोसायची. "घे, तुझी फुकट जाहिरात." वहिनी शाळेची बस चालवते. चाळीस पोरांचा कालवा ऐकत गाडी चालवणारी बाई, तिला स्टेडियमच्या आवाजाचं काय कौतुक. पण स्क्रम लागला की ती गप्प व्हायची आणि बुटांकडे बघत बसायची. मला वाटायचं, कंटाळली असेल.

दादाचा खेळ संपला तो सामन्यात नाही, सरावात. एका साध्या सकाळी, ढकलायचा सराव करायच्या लोखंडी यंत्रावर. उठला तेव्हा उजवा हात लोंबत होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई किडकिडीत होत्या, रग्बीशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, "मानेतली ही चकती सरकून मज्जारज्जूला टेकलीय. हात परत येईल. पण यापुढे स्क्रम नाही."

"किती महिने?" दादानं विचारलं.

"महिने नाहीत. खेळणं बंद."

वकील एका वाक्यात गप्प झालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. खाली येऊन गाडीच्या मागच्या सीटवर बसला आणि रडायला लागला. हुंदके देऊन, खांदे हलवून. बाबा गेले तेव्हाही इतका रडला नव्हता. मी त्याची पाठ थोपटत होते, वहिनी गाडी चालवत होती. आम्हाला वाटलं, आयुष्यच गेलं याचं.

पुढचं वर्ष वाईट गेलं. हात बरा झाला, पण माणूस रिकामा. क्लबनं उपकार म्हणून काम दिलं: सामन्याच्या दिवशी कोट घालून बड्या पाहुण्यांशी हस्तांदोलन करायचं आणि जुन्या आठवणी सांगायच्या. दोन महिन्यांत तो म्हणाला, "मला भुसा भरून उभा केलाय असं वाटतं," आणि सोडून दिलं. मग घरात बसून टीव्हीवरच्या रेफरीशी भांडायला लागला. माझी भाची तेव्हा सातवीत होती. ती म्हणाली, "आत्या, बाबांना दुकानात ने ना. अभ्यास होत नाही."

म्हणून तो माझ्या दुकानात येऊन बसू लागला. एवढा धिप्पाड माणूस त्या छोट्या गोल स्टुलावर बसून मऊ फडक्यानं फ्रेमा पुसायचा. गिऱ्हाइकं दारातूनच दबकून आत यायची.

तिथेच एक दिवस मास्तर आले. मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी मोठ्या सामन्यांत रेफरी असायचे. दादाचं सगळ्यात जास्त कुणाशी वाजलं असेल तर या माणसाशी. दारातून आत येऊन त्यांनी स्टुलावर कोण बसलंय ते पाहिलं, मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "लोक वीस वर्षं सांगतायत. म्हटलं, एकदा चष्मा घेऊनच टाकावा."

दादा हसला नाही, पण त्यानं स्टूल पुढे सरकवलं.

मी त्यांचे डोळे तपासले. मोतीबिंदूची सुरुवात होती. तसं सांगितलं, तर म्हणाले, "डोळ्यांचं होईल काहीतरी. गुडघ्यांनी मात्र पार हात टेकलेत. या हंगामानंतर मी थांबतोय." मग मान न वळवता, समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघतच म्हणाले, "वकील, तू शिट्टी का घेत नाहीस?"

"मी? सर, चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या देताय."

"चोरालाच माहीत असतं कुठलं कुलूप कच्चं आहे. स्क्रममध्ये कोण काय करतं ते मला बाहेरून कळायचं नाही. तू काय करायचास तेही नाही."

"मग मला दंड कसा द्यायचात?"

"सोपं होतं. गुन्हा तुझा नसला की तू गप्प असायचास. तोंड उघडलंस की मी समजायचो, यानंच केलंय."

आता मात्र दादा हसला. पोट धरून हसला, स्टूल करकरलं. वर्षभरात आम्ही तो आवाज ऐकला नव्हता. मी आतल्या खोलीत जाऊन उगाच एक फ्रेम शोधत बसले, कारण माझे डोळे भरून आले होते.

रेफरीचा वर्ग एका शाळेच्या प्रयोगशाळेत भरायचा. बाकीचे सगळे कॉलेजातले. मधे दादा, उंच बाकावर पाय अधांतरी सोडून बसलेला. पहिल्या परीक्षेत तो साफ आपटला. बारा वर्षं पगार घेऊन खेळलेल्या माणसाला खेळाचे नियम येत नाहीत, याची त्यालाच इतकी लाज वाटली की निकाल फक्त मला सांगितला. "अगं, मी ज्या गोष्टींवर भांडायचो ना, त्यातल्या निम्म्या पुस्तकातच नाहीत." मग भाची रोज संध्याकाळी त्याची उजळणी घ्यायची. चुकला की ती चमच्यानं ताटलीवर ठण्ण करायची. दुसऱ्यांदा पास झाला.

पहिला सामना शाळकरी मुलींचा होता. मैदानाच्या कडेला पालक, थर्मास, छत्र्या. दादानं शिट्टी वाजवली, सगळ्या मुली थांबल्या, त्याच्याकडे बघू लागल्या, आणि का वाजवली तेच हा विसरला. एका मुलीनंच विचारलं, "सर, मागे द्यायचा पास पुढे दिला म्हणून का?" दादा म्हणाला, "बरोबर." दिवसभर लोकांनी त्याला वाटेल ते सुनावलं. एक आजी तर म्हणाल्या, "एवढा वाढलास, पण दिसत कसं नाही रे तुला?"

परत येताना तो माझ्या गाडीत होता. मला वाटलं, आता शिट्टी खिडकीबाहेर फेकणार. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "दिवसभर मैदानावर होतो आणि कुणी मला धडक दिली नाही."

"मग? चुकल्यासारखं वाटलं?"

"छे. इतकं बरं वाटलं, काय सांगू."

सिग्नल सुटला तरी मी गाडी हलवली नाही. मागचा हॉर्न वाजवायला लागला तेव्हा कडेला घेतली. आणि मग दादा बोलू लागला. शेवटची तीन-चार वर्षं प्रत्येक स्क्रमला मानेतून बोटांपर्यंत करंट गेल्यासारखं व्हायचं. हात बधिर व्हायचा, मुठीतला शर्ट सुटायचा. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर जागा गेली, आणि या मापाच्या माणसानं भीती वाटते म्हणणं म्हणजे हसंच. "रेफरीशी भांडायचो ना, ते कशाला माहितीये? तेवढाच वेळ मिळायचा. पुढचा स्क्रम तेवढाच लांबायचा."

मी गाडीचं इंजिन बंद केलं.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या खेळणं बंद, तेव्हा मी रडलो. तुम्हाला वाटलं दुःखानं. दुःख होतंच. पण आधी मनात काय आलं सांगू? सुटलो. दुसऱ्या कुणीतरी सांगितलं, मला सांगावं लागलं नाही. मग त्याचीच लाज वाटली आणि आणखी रडलो."

"हे वहिनीला सांगितलंस?"

"तिला काय वाटेल?"

"दादा, गाडीतून उतरलास की पहिलं हे सांग. नाहीतर मी सांगेन."

त्यानं सांगितलं. मी दारातच उभी होते. वहिनी टेबलावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकून घेतलं, हातातला टॉवेल नीट घडी करून ठेवला आणि म्हणाली, "तू डाव्या हातानं शर्टाची बटणं लावायला लागलास तेव्हाच मला कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझा आनंद होता त्यात असं वाटायचं. आणि तू सांगितलंस म्हणून थांबलो, असं आयुष्यभर ऐकायचं नव्हतं मला." मग म्हणाली, "त्या दिवशी गाडी चालवताना मी मनात हुश्श म्हटलं. तू मागे रडत होतास आणि मी हुश्श म्हणत होते. मलाही लाज वाटली."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. माझं तिथे काही काम नव्हतं, मी निघून आले.

त्यानंतर दादा खरा रेफरी झाला असं मी म्हणेन. पंधरा किलो वजन उतरवलं. शाळांचे सामने, मग हौशी क्लबांचे, मग जिथे तो स्वतः खेळला त्या मोठ्या लीगचे. पुढच्या रांगेतली लबाडी त्याच्यापुढे चालेना. एखाद्या प्रॉपनं शर्ट ओढायला हात सरकवला की दादा हलकेच म्हणायचा, "तो हात मी ओळखतो. वर घे." आणि कुणी "सर, पण..." म्हणालं की म्हणायचा, "बोल, मी ऐकतोय. निर्णय बदलणार नाही, पण ऐकतोय." मास्तर कडेला बसून बघायचे, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी.

पहिली काही वर्षं त्याला जुन्या क्लबचे सामने देत नसत. मग देऊ लागले. आणि मग तो सामना आला.

हंगामाचा शेवटचा दिवस. जुना क्लब घरच्या मैदानावर चार गुणांनी मागे. जिंकले तर वरच्या गटात राहणार, हरले तर खाली जाणार. शेवटची काही मिनिटं, आणि पाहुण्यांच्या रेषेपासून पाच पावलांवर स्क्रम, चेंडू जुन्या क्लबचा. ढकलत नेऊन चेंडू रेषेपलीकडे टेकवला की पाच गुण, आणि जुन्या क्लबचं सगळं बळ ढकलण्यातच होतं. कर्णधार होता चिमणी, दादाचा जुना सोबती. वजन बघून कुणीतरी थट्टेनं ठेवलेलं नाव. पहिल्यांदा स्क्रम कोसळला, दुसऱ्यांदा कोसळला. स्टेडियम उभं राहिलं होतं. तिसऱ्यांदा चिमणीचा संघ पुढे सरकू लागला, आणि दादाची शिट्टी वाजली.

आम्हाला वरून काहीच दिसलं नव्हतं. दादाला दिसला होता एक हात. पाहुण्यांचा तरुण प्रॉप, विशीतलं पोर, त्याचा उजवा हात समोरच्याच्या शर्टावरून सुटला. घसरून सुटतो तसा नाही, दिव्याचं बटण बंद केल्यासारखा. दादानं सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं आणि त्या पोराजवळ गुडघ्यावर बसला.

"मी ठीक आहे, सर," पोरगा म्हणाला. उठायला लागला.

"हलू नकोस. माझी दोन बोटं दाब. आता दुसऱ्या हातानं."

"ठीक आहे सर, खरंच. खेळू द्या."

दादा नंतर म्हणाला, तो आवाज मला पाठ होता, माझाच होता.

संघाचे डॉक्टर आले. त्यांनी तपासलं, म्हणाले, हालचाल आहे, बहुधा काही नसावं. पण खेळाडू खेळण्याच्या स्थितीत नाही असं रेफरीला वाटलं तर तो त्याला बाहेर काढू शकतो. दादानं काढलं. मानेला पट्टा, स्ट्रेचर, सगळं. पोरगा रागानं डोळे मिटून पडला होता.

आणि इथेच घोळ झाला. पाहुण्यांचा राखीव प्रॉप आधीच जखमी होऊन बाहेर गेला होता. त्या जागेला शिकलेला माणूस उरला नाही की नियम असा, की पुढचे स्क्रम नावापुरते, कुणी ढकलायचं नाही. म्हणजे जुन्या क्लबचं एकमेव शस्त्र दादानं काढून घेतलं. ढकलण्यात कमी पडणारे संघ मुद्दाम दुखापतीचं सोंग आणून हे करतात, हे दादापेक्षा चांगलं कुणाला ठाऊक? चिमणी तोंडावर येऊन म्हणाला, "वकील, तुला चांगलं कळतंय हे नाटक आहे."

"नाटक नाही."

"डॉक्टर म्हणतायत काही नाही."

"मी म्हणतोय बाहेर."

खेळ सुरू झाला, चिमणीच्या संघाच्या हातातून चेंडू सुटला, सामना संपला. जुना क्लब खाली गेला.

त्यानंतरचं ऐकवत नाही. कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर लोक लाथा मारत होते. ज्या गल्लीत दादाला चहाचे पैसे देऊ देत नसत, तिथे त्याच्याकडे पाठ फिरवू लागले. क्लबनं तक्रार केली. माझ्या दुकानाच्या काचेवर कुणीतरी रंगानं चष्मा काढून खाली घाण शब्द लिहिला. मी पुसत होते तेव्हा दादा आला, माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि स्वतः पुसू लागला.

"चुकलास असं वाटतं?" मी विचारलं.

"मी जे बघितलं ते बघितलं. पण माझा स्वतःचाच हात दिसला की त्याचा, हे मला सांगता येत नाही."

हीच गोष्ट त्याला खात होती. शिव्यांचं त्याला विशेष नव्हतं. आपल्या जुन्या भीतीनं आपण एका पोराचा सामना आणि अख्ख्या क्लबचा हंगाम बुडवला की काय, याचा घोर लागला होता. जेवण कमी झालं. वहिनी त्याचं ताट सारखं सारखं पुढे सरकवत होती.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे दादाच्या स्वयंपाकघरात होतो. फोन वाजला. मास्तर होते. दादानं ऐकलं. "हो सर," म्हणाला. परत "हो." भाचीनं चमचा हातातच धरून ठेवला होता.

फोन ठेवून तो खुर्चीत बसला.

"पोराची तपासणी झाली. चकती सरकलीय, माझ्यापेक्षा वाईट. काल ऑपरेशन झालं. हात-पाय सगळं हलतंय. चालणार, धावणार." मग म्हणाला, "अजून एक रेटा बसला असता तर मानेखाली काही राहिलं नसतं, असं सर्जन म्हणाले."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. वहिनीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो समोरच्या थंड झालेल्या ताटावर तुटून पडला. सगळं संपवलं, आणखी मागून घेतलं. मग बाहेरच्या सोफ्यावर आडवा झाला आणि घोरायला लागला. खिडकीच्या काचा हादरतील असा. फोन सारखा वाजत होता. आता बातमी फुटली होती. भाचीनं तो बंद केला आणि उशीखाली सरकवला.

संध्याकाळी चिमणी आला. दारात उभा, टोपी हातात. वहिनी म्हणाली, "झोपलाय." तो म्हणाला, "झोपू दे, मी बसतो." आणि खुर्चीत अंग चोरून बसून राहिला. दादा उठला तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मी तुला नाही नाही ते बोललो," चिमणी म्हणाला.

"मी तुझ्या जागी असतो तर जास्त बोललो असतो."

"ते खरंय." चिमणीनं मानेवरून हात फिरवला. "माझीही मान दाखवून घ्यावी म्हणतो. कुणाकडे जाऊ?"

दादानं त्याला डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगितला आणि म्हणाला, उद्या सकाळी मी येतो सोबत.